रक्ताचा दावा कुणाचा?

१९९७ च्या फेब्रुवारीत फ्रेड गोल्डमन यांनी एक अजब तडजोड जाहीरपणे पुढे केली. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या दिवाणी न्यायालयात ते खटला नुकताच जिंकले होते. माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनने दोन खुनांबद्दल मृतांच्या घरच्यांना एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर द्यावेत, असं ज्यूरीने ठरवलं होतं. गोल्डमन यांचं म्हणणं असं, की खून आपणच केले हे सिम्पसनने तपशिलासह लिहून द्यावं, खाली सही करावी. आपल्या वाट्याच्या पैशांवर आपण पाणी सोडायला तयार आहोत. सिम्पसनने ते मान्य केलं नाही.

दावा दाखल झाल्यापासून ‘हे सगळं पैशांसाठी चाललंय’ असा सूर अधूनमधून ऐकू येत होताच. नुकसानभरपाई मागणाऱ्या घराला आपल्याकडेही हा टोमणा चुकत नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर पैसे घेणं म्हणजे त्याचं मोल करणं, असं शेजारीपाजारी मानतात, आणि खरं सांगायचं तर घरातल्यांनाही ते आतून टोचत असतं. गोल्डमन यांच्या तयारीने टोमणे मारणाऱ्यांची पंचाईत केली. पण ज्या प्रश्नाशी स्मृतिकार, रब्बी आणि काझी शतकानुशतकं झटले, तोही त्यामुळे पुन्हा वर आला. माणूस मारला गेला की त्याच्या रक्ताचा दावा कुणाचा? राजाचा, देवाचा की घरच्यांचा? आणि ज्याचा असेल त्याला तो मिटवण्याची मुभा आहे का?

घटना १२ जून १९९४ च्या रात्रीची. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवूड भागात, बंडी ड्राइव्हवरच्या घराच्या फाटकाशी सिम्पसनची घटस्फोटित पत्नी निकोल ब्राउन सिम्पसन आणि तिच्या ओळखीचा, फ्रेड यांचा मुलगा रॉन गोल्डमन या दोघांचा सुऱ्याने खून झाला. निकोल ३५ वर्षांची, रॉन २५ चा. तो मेझालुना नावाच्या रेस्टॉरंटात वेटर होता. त्या संध्याकाळी निकोलच्या माहेरची मंडळी तिथेच जेवली होती आणि तिच्या आईचा चष्मा तिथे राहिला होता. काम आटोपल्यावर तो परत द्यायला रॉन तिच्या घरी गेला. चष्म्याचं पाकीट खुनाच्या जागी सापडलं. वरच्या मजल्यावर निकोलची दोन लहान मुलं झोपलेली होती.

फौजदारी खटला वर्षभर जगाने टीव्हीवर पाहिला. ३ ऑक्टोबर १९९५ ला सिम्पसन निर्दोष सुटला. ज्यूरीला निर्णयाला चार तासही लागले नाहीत. या निकालामागे लॉस एंजेलिसचा स्वतःचा इतिहास होता. रॉडनी किंगला पोलिसांनी केलेली मारहाण, त्या पोलिसांची सुटका आणि १९९२ ची दंगल ताजी होती. तपासातला एक अधिकारी, मार्क फरमन, काळ्या लोकांना कोणत्या शब्दांत संबोधतो याच्या ध्वनिफिती कोर्टात वाजल्या होत्या. अनेक काळ्या अमेरिकनांना ती सुटका हाच न्याय वाटला. हे बाजूला सारून गोल्डमन कुटुंबाची बाजू मांडणं बेइमानीचं होईल. शंकेचा फायदा आरोपीला देणं हे ज्यूरीचं कामच होतं, आणि शंकेला जागा करून देण्यात पोलिसांनीच मोठा हातभार लावला होता.

पण त्या दालनात रॉनचे वडील आणि बहीण किम कोण होते? प्रेक्षक. खटल्याचं नावच ‘कॅलिफोर्निया राज्याची जनता विरुद्ध ओरेन्थल जेम्स सिम्पसन’ असं होतं. आपल्याकडे ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असतं, त्यातलाच प्रकार. खून हा राज्याविरुद्धचा अपराध मानला जातो. फिर्याद राज्याची, वकील राज्याचा आणि शिक्षाही राज्यानेच द्यायची. घरच्यांनी साक्ष द्यावी, बाकावर बसावं आणि निकालानंतर माध्यमांना दोन वाक्यं सांगावीत. यामागचा विचार चांगला आहे. घरच्यांच्या हाती दावा राहिला तर सूडाची साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते, म्हणून राजाने तो आपल्याकडे घेतला. फक्त तो घेताना घरच्यांचं काय काय गेलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

दिवाणी दाव्याचं नाव होतं ‘रूफो विरुद्ध सिम्पसन’. रूफो हे रॉनच्या आईचं आडनाव. आता वादी म्हणून स्वतः घरचेच उभे होते.

१९९६ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या खटल्यात न्यायाधीश हिरोशी फुजिसाकी यांनी कॅमेऱ्यांना मज्जाव केला, आणि तमाशा बराचसा ओसरला. दिवाणी न्यायालयात आरोप संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. पुराव्याचं पारडं एका बाजूला झुकलं की पुरतं. पण त्याहून मोठा फरक असा, की फौजदारी खटल्यात गप्प राहण्याचा हक्क वापरणाऱ्या सिम्पसनला इथे पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर उत्तरं द्यावी लागली. वादींचे वकील डॅनियल पेट्रोचेली यांनी त्याला बुटांबद्दल विचारलं. खुनाच्या जागी ब्रूनो माली या इटालियन कंपनीच्या १२ नंबरच्या बुटांचे रक्ताळलेले ठसे होते. असले कुरूप बूट आपण कधी घालणारच नाही, असं सिम्पसनने खटल्याआधीच्या जबानीत सांगून ठेवलं होतं. मग एक छायाचित्र पुढे आलं. १९९३ च्या सप्टेंबरात बफेलोतल्या फुटबॉल स्टेडियमवर काढलेलं, आणि त्यात सिम्पसनच्या पायांत तेच बूट. फोटो बनावट आहे, असा बचाव झाला. नाताळच्या सुमारास दुसऱ्या छायाचित्रकाराकडून त्याच दिवसाचे आणखी ३० फोटो मिळाले. त्यांतला एक तर खुनाच्या कितीतरी आधी, १९९३ च्या नोव्हेंबरातच, छापून आलेला होता.

४ फेब्रुवारी १९९७ च्या संध्याकाळी निकाल आला. त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचं काँग्रेससमोरचं वार्षिक भाषण चालू होतं आणि टीव्हीवाल्यांची दोन्ही दाखवताना तारांबळ उडाली. ज्यूरीसमोरचा पहिला प्रश्न असा होता, की प्रतिवादीने जाणूनबुजून आणि अन्यायाने रॉनचा मृत्यू घडवून आणला हे सिद्ध झालं आहे का? उत्तर होतं ‘होय’. बारांपैकी नऊ जणांचं एकमत पुरलं असतं. इथे बाराही जण एका मताचे निघाले. ही ज्यूरी बहुतांशी गोरी होती, हेही नोंदवायला हवं. दोन निकालांमध्ये रंगाची रेघ होतीच. रॉनच्या आईवडिलांना ८५ लाख डॉलर भरपाई मिळाली. सहा दिवसांनी ज्यूरीने २ कोटी ५० लाख डॉलरची दंडात्मक भरपाई लावली. निम्मी रॉनच्या आणि निम्मी निकोलच्या वारसांना.

गोल्डमन यांचा लढा इथेच संपला असता, तर तो कायद्याच्या पुस्तकातला एक धडा होऊन राहिला असता.

तो पुढे कुठे गेला ते पाहण्याआधी थोडं मागे जायला हवं. खुनाबद्दल दिवाणी दावा ही इंग्रजी कायद्यात अलीकडची गोष्ट आहे. १८०८ मध्ये लॉर्ड एलनबरो यांनी एका निकालात ठरवून टाकलं होतं, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानीच नाही. पाय मोडला तर भरपाई, जीव गेला तर काही नाही! त्याच वेळी दुसरा एक विचित्र रिवाज चालू होता. ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला ती वस्तू, म्हणजे गाडीचं चाक, बैल किंवा पुढे पुढे रेल्वेचं इंजिन, देवाला वाहिलेली समजून राजाकडे जमा करायची किंवा तिची किंमत वसूल करायची. म्हणजे दावा देवाचा, वसुली राजाची. रेल्वे अपघात वाढले तशी ही रीत कंपन्यांना परवडेना आणि घरच्यांच्या हाल-अपेष्टाही झाकता येईनात. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने एकाच वर्षात दोन कायदे केले. एकाने देवाचा वाटा बंद झाला, दुसऱ्याने मृताच्या घरच्यांना दाव्याचा हक्क मिळाला.

हिंदुस्थानात तसाच कायदा १८५५ मध्ये आला, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावल्यानंतर दोन वर्षांनी. तो आजही पुस्तकात आहे. मृत्यू एखाद्या गुन्ह्यातून झाला असला तरी पती, पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी दावा लावता येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खून झालेल्या माणसाच्या घरच्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं? मुदत दोन वर्षांची, म्हणजे फौजदारी खटला नीट उभाही राहिलेला नसतो. मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी, वर दिवाणी तारखांची ती जगप्रसिद्ध चाल. राज्याच्याच हातून जीव गेला तर मात्र आपल्याकडे वेगळी वाट निघाली. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा १९८७ मध्ये पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई दिली, आणि कोठडीतल्या मृत्यूबद्दल सरकारने भरपाई देणं लागतं, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं.

मोल ठरवण्याची आपली रोजची पद्धत पाहायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं. तिथे मृत्यूचं गणित पाठ आहे. वार्षिक उत्पन्न घ्यायचं, भविष्यातल्या वाढीची टक्केवारी मिळवायची, मृताने स्वतःवर केला असता तो खर्च वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचं. २५ वर्षांच्या माणसासाठी तो अंक १८. अविवाहित असेल तर निम्मं उत्पन्न स्वतःवरच उडवलं असतं असं धरतात. प्रेमाला आणि सहवासाला २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ४० हजार रुपये ठरवून दिले, अंत्यविधीला १५ हजार. न्यायाधीशांवर हसण्यात अर्थ नाही; ठरीव कोष्टक नसतं तर एकाला दहा लाख आणि शेजारच्याला दहा हजार असा कारभार झाला असता. तरी पगाराच्या चिठ्ठीवरून जीव मोजला जातो हे खरंच.

आणि हे नवीनही नाही. आपस्तंब धर्मसूत्र सांगतं, की क्षत्रियाला मारलं तर हजार गाई द्याव्यात, वैश्याला मारलं तर शंभर, शूद्राला मारलं तर दहा, आणि प्रत्येक वेळी वर एक बैल. वर्णाप्रमाणे दर. हे वाचून आज संताप येतो आणि यायलाच हवा. पण त्या गाई कुणाला द्यायच्या, हा प्रश्न जास्त बोलका आहे. त्या वैर मिटवण्यासाठी आहेत, असं सूत्र म्हणतं. म्हणून मुळात त्या मृताच्या कुळाला जात असाव्यात, असं काही आधुनिक अभ्यासकांचं मत आहे. बौधायन त्या राजाकडे पाठवतो. मनुस्मृतीत त्या खून करणाऱ्याच्या शुद्धीसाठीचं दान होतात. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ग्रंथात ही सगळी मतं एकाखाली एक मांडलेली सापडतात, आणि ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. गाईंचा आकडा तोच राहतो, त्यांचं दार मात्र बदलतं. रडणाऱ्या घराच्या अंगणातून त्या निघाल्या आणि शेवटी मारणाऱ्याच्या पापक्षालनाच्या खात्यात जमा झाल्या. विधवा आणि आई या व्यवहारात कुठेच उरल्या नाहीत.

गोल्डमन कुटुंब ज्यू, आणि त्यांच्या परंपरेचं उत्तर सगळ्यांत कडक आहे. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये, अशी तोरातल्या गणनेच्या पुस्तकात आज्ञा आहे. बाराव्या शतकातले थोर धर्मपंडित मायमोनिडीज यांनी तिचं कारण दिलं. खुनी जगातली सगळी संपत्ती द्यायला तयार असला आणि मृताचा नातलग त्याला सोडायला राजी असला, तरी न्यायपीठाने ते मान्य करायचं नाही. कारण मारल्या गेलेल्याचा प्राण त्या नातलगाच्या मालकीचा नसतो, तो देवाचा असतो. जे आपलं नाही ते विकता कसं येईल?

कुराण दावा देवाकडे न ठेवता घरच्यांच्या हाती देतं. त्यांनी बदला मागावा, दिया म्हणजे रक्तमोल घ्यावं किंवा माफ करावं. आणि माफीकडे झुकावं अशी शिकवणही त्यात आहे. टोळ्यांच्या अंतहीन वैरात हा मोठा दिलासा होता. घरच्यांना प्रेक्षक करणाऱ्या आजच्या फौजदारी कायद्यापेक्षा यात त्यांचा मान जास्त आहे, हे कबूल करायला हरकत नसावी. पण अडचण तिथेच सुरू होते, कारण ज्याच्या हाती दावा आहे त्याच्यावर दडपण आणता येतं. २०११ च्या जानेवारीत लाहोरमध्ये रेमंड डेव्हिस या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या कंत्राटी माणसाने भर रस्त्यात दोघांना गोळ्या घातल्या. मृतांपैकी एकाच्या पत्नीने काही दिवसांनी विष घेतलं. मरण्याआधी, रक्ताच्या बदल्यात रक्तच हवं, असं ती सांगून गेली. १६ मार्चला दोन्ही कुटुंबांना सुमारे २३-२४ लाख डॉलर मिळाल्याचं जाहीर झालं, नातलगांनी कोर्टात माफीनाम्यावर सह्या केल्या आणि डेव्हिस त्याच दिवशी देशाबाहेर गेला. धर्माची चौकट तंतोतंत पाळली गेली. सह्या करताना त्या माणसांच्या मनात काय होतं, हे विचारण्याची सोय त्या चौकटीत नव्हती.

गोल्डमन यांचा सौदा याच्या अगदी उलटा होता. दियामध्ये घरचे पैसे घेऊन दावा सोडतात. हे गृहस्थ पैसे सोडून खरं काय ते मागत होते. मायमोनिडीजच्या कसोटीवर ते उतरले असते का? प्राण विकणं त्यात नव्हतं. आणि निकालातली रक्कम प्राणाची किंमत नव्हतीच. ज्यूरीने ८५ लाख मोजले ते रॉनच्या जिवाचे नव्हेत, त्याच्या सहवासाला मुकलेल्या आईबापांच्या हानीचे. इथे हत्येचा दावा दुभंगतो, आणि या लेखाला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे: मेलेल्याचा दावा देवाचा म्हणा, राज्याचा म्हणा, पण मागे राहिलेल्यांचाही एक स्वतंत्र दावा असतो, त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा. तो त्यांच्या मालकीचा असतो. तो मागायला, वसूल करायला किंवा कबुलीच्या बदल्यात सोडून द्यायला ते मोकळे असतात. गाईंनी दार बदललं तेव्हा आपल्या स्मृतिकारांच्या हातून नेमका हा दुसरा दावा निसटला.

महाभारतकाराच्या हातून मात्र तो निसटला नाही. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर हल्ला करून द्रौपदीची पाचही मुलं मारतो. ती पांडवांपुढे अन्नपाणी सोडून बसते आणि त्याच्या प्राणांची आणि त्याच्या मस्तकावरच्या जन्मजात मण्याची मागणी करते. प्राण मिळत नाही. तो गुरुपुत्र, ब्राह्मण. मणी मिळतो. भीम तो आणून देतो तेव्हा ती शांतपणे म्हणते, की आपण ऋणातून मोकळी झालो, हा मणी आता राजाने मस्तकी धारण करावा. मराठी घरांत या कथेचा पुढचा भागच जास्त सांगतात: नर्मदेच्या परिक्रमेत कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा चिरंजीव. पण द्रौपदीचं बोलणं कायद्याच्या दृष्टीने अधिक विचार करायला लावणारं आहे. देणं लागत होता अश्वत्थामा. ऋणातून मोकळी होते ती. मेलेल्या मुलांचं काहीतरी देणं आपल्यावर आहे, ही भावना आईची आहे आणि मणी त्याची पोच आहे.

गोल्डमन यांच्या वाट्यालाही मणी आला. १९६८ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सिम्पसनला हाइसमन ट्रॉफी मिळाली होती. वसुलीसाठी १९९९ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या जप्त वस्तूंचा लिलाव झाला आणि ट्रॉफी २ लाख ३० हजार डॉलरच्या बोलीला गेली. डेन्व्हरच्या एका रेडिओ निवेदकाने त्याची प्रशस्तिपत्रं आणि जर्सी विकत घेऊन कोर्टासमोर जाहीर जाळल्या. खरी मालमत्ता मात्र हाताला लागली नाही. फुटबॉल संघटनेचं निवृत्तिवेतन कायद्याने सुरक्षित होतं. २००० साली सिम्पसन फ्लोरिडाला राहायला गेला. तिथे राहतं घर धनकोला जप्त करता येत नाही. कर्जबुडवे अशी पळवाट जगभर शोधतात. तो गोल्फ खेळत राहिला.

किम गोल्डमनने पुढे ‘कान्ट फरगिव्ह’ या नावाचं पुस्तक लिहिलं. क्षमेचा उपदेश तिने पुष्कळ ऐकला होता. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला जिवंत जाळल्यावर ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे उदाहरण आपल्याकडे अशा वेळी हमखास पुढे येतं. पण ग्लॅडिस यांनीच क्षमा आणि कायद्याने भोगायचे परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. हे सांगायला उपदेशक विसरतात. शिवाय ज्यू परंपरेत, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच क्षमा करायची असते. रॉनच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार किमला कुणी दिला? ती न करणं यात कडवटपणा असेलही, पण धर्मभ्रष्टता नाही.

कडवटपणाची किंमतही होतीच. २००६ मध्ये, ‘खून मी केला असता तर कसा केला असता’ अशा थाटाचं सिम्पसनचं पुस्तक जाहीर झालं. गोल्डमन कुटुंबाने त्याविरुद्ध रान उठवलं, प्रकाशकाने ते मागे घेतलं. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या दिवाळखोरी न्यायालयाकडून त्याच पुस्तकाचे हक्क गोल्डमन यांना मिळाले, आणि त्यांनी ते छापलं! मुखपृष्ठावर ‘जर’ हा शब्द इतका बारीक, की लांबून दिसतच नाही. खाली ‘खुन्याचे कबुलीजबाब’ असं उपशीर्षक. निकोलची बहीण डेनिस ब्राउन भडकली. हे रक्ताचे पैसे आहेत, लोकांनी पुस्तकावर बहिष्कार घालावा, असं तिचं म्हणणं. गोल्डमन यांचं म्हणणं असं, की पैसे त्याच्या खिशातून काढून घेणं हीच शिक्षा आहे. डेनिसची बाजू इथे जास्त पटते. १९९७ मध्ये गोल्डमन यांनी पैसे सोडून मागितलेली कबुली आता त्यांनी स्वतःच, मुखपृष्ठाची करामत करून, बाजारात आणली होती. सही मात्र तिच्याखाली नव्हतीच.

त्याच २००७ च्या सप्टेंबरात लास वेगासच्या एका हॉटेलात सिम्पसन साथीदारांसह, त्यांच्याजवळच्या पिस्तुलांच्या धाकाने, स्वतःच्या म्हणवलेल्या जुन्या स्मृतिचिन्हांवर दरोडा घालायला गेला. ३ ऑक्टोबर २००८ ला, सुटकेला बरोबर १३ वर्षं झाली त्या दिवशी, तो दोषी ठरला. नऊ वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला. १० एप्रिल २०२४ ला कर्करोगाने गेला, ७६ व्या वर्षी.

दरम्यान कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार निकालाचं आयुष्य दहा वर्षांचं, म्हणून तो वेळोवेळी नवा करून घ्यावा लागत होता, आणि वर दरसाल १० टक्के व्याज चढत होतं. गोल्डमन कुटुंबाच्या हाती प्रत्यक्षात पडली ती मूळ रकमेची चिमूटभर. तरी कागद मरू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम झाला. या नेमाने त्यांनाही त्या माणसाशी बांधून ठेवलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. धनको ऋणकोचा पत्ता विसरू शकत नाही.

सिम्पसन गेल्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, गोल्डमनना छदामही मिळू नये अशी इच्छा बोलून दाखवली आणि दोन-चार दिवसांत ते शब्द मागे घेतले. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यानेच फ्रेड गोल्डमन यांचा सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरचा दावा मान्य केला. त्या रकमेच्या जवळपास जाईल एवढी मालमत्ता मागे नाही. जी आहे ती सिम्पसनने आपल्या चार मुलांसाठी ठेवली होती, आणि त्यांतली दोन मुलं निकोलची. १९९७ च्या निकालात निकोलच्या वारसांना मिळालेले १ कोटी २५ लाख डॉलर याच दोघांचे होते. सुनावणी चालू असतानाच दुसऱ्या एका न्यायालयाने त्यांचा ताबा वडिलांकडे दिला होता, म्हणजे ज्याच्याकडून येणं होतं त्याच्याच घरी ती मोठी झाली. बापाच्या उरलेल्या दंडाचं ओझं मुलांवर टाकू नये, असं मनू सांगतो. अमेरिकी कायदाही ते मुलांवर टाकत नाही, पण मालमत्तेतून आधी देणी फिटतात आणि उरलं तर वारसांना मिळतं. फ्रेड गोल्डमन यांच्या हाती जो काही डॉलर पडेल, तो निकोलच्या मुलांच्या वाट्यातूनही गेलेला असेल.